एक एलएमव्ही (हलके मोटार वाहन) लायसन, अर्जापासून कार्डापर्यंत: प्रकल्प नोंदी

गाडी: पेट्रोल वॅगन आर, मॅन्युअल गिअर. शिकाऊ: वय २४, याआधी दुचाकीचेही लायसन नाही. आरटीओ: पुणे, एमएच १२. नोंदी शिकवणारे दोघे मिळून ठेवतात. प्रत्येक सत्रानंतर गाडी चालवल्याचे तास लिहायचे. नुसते बसून बोलण्यात गेलेला वेळ त्यात धरायचा नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज फक्त कागद. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे की नाही हे सगळ्यात आधी पाहिले. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि लर्निंगची परीक्षा घरी बसून द्यायची तर आधारशिवाय मार्ग नाही. महाराष्ट्रात ही सोय जून २०२१ पासून आहे. आधारवरचा पत्ता जसाच्या तसा लायसनवर उतरतो आणि पक्के कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर जाते. म्हणून जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता डिसेंबरातच बदलून घेतला होता.

फॉर्म १ म्हणजे स्वतःच्या तब्येतीचे स्वतः दिलेले प्रतिज्ञापत्र. त्यात एक प्रश्न असा: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? बहुतेक जण डोळे झाकून 'होय' करतात. आम्ही पार्किंगमध्ये टेप लावून २५ मीटर मोजले आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावले. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांनी वाचता आले. चष्मा लावून चालतो, पण मग गाडी चालवतानाही तो नाकावर असायला हवा.

वय ४० पूर्ण झालेल्यांना याशिवाय फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. इथे गरज नाही.

६ जानेवारी, सोमवार

सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. वाहनाचा वर्ग एलएमव्ही. सोबत गिअरच्या दुचाकीचाही वर्ग टाकता येतो. शिकाऊला दुचाकी चालवायची नाही, म्हणून टाकला नाही. केंद्राच्या नियमातली फी: लर्निंग लायसनचे प्रत्येक वर्गाला १५० रुपये, परीक्षेचे ५० रुपये. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करून फोटो काढला आणि कडा कापून फाइल लहान केली. मोठी फाइल पोर्टल घेत नाही.

पैसे खात्यातून गेले आणि पावती दिसली नाही तर लगेच पुन्हा भरू नये. पोर्टलवरच पेमेंटची स्थिती तपासायचा पर्याय आहे. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की समजते.

७ जानेवारी, मंगळवार

लर्निंगची परीक्षा. भाषा मराठी निवडली. १५ प्रश्न, त्यांतले किमान ९ बरोबर यावे लागतात. शिकाऊचे १३ आले. चुकलेले दोन्ही प्रश्न चिन्हांचे होते.

चिन्हे पाठ करण्याआधी त्यांचे आकार डोक्यात बसवावेत. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो. लाल वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ 'असेच करा' सांगते. निळा चौकोन नुसती माहिती देतो. एवढे पक्के असले की न पाहिलेल्या चिन्हाचेही निम्मे उत्तर हाती येते. 'थांबणे मना' आणि 'वाहन उभे करणे मना' यांत हमखास गोंधळ होतो: निळ्या तबकडीवर फुलीसारख्या दोन लाल रेघा असतील तर थांबायचेही नाही, एकच तिरकी रेघ असेल तर गाडी लावून जायचे नाही.

लर्निंग लायसन आजच्या तारखेचे. मुदत सहा महिने, ६ जुलैपर्यंत. पक्क्या लायसनची ट्रायल ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही, म्हणजे ६ फेब्रुवारीच्या आत विचारायलाही जायचे नाही.

९ जानेवारी, गुरुवार

गाडीची तयारी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ छापून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. बाजारातले बरेच स्टिकर याहून लहान असतात, म्हणून मोजून कापले. शेजारी पक्के लायसन असलेली व्यक्ती हवी, आणि तिला गाडी आवरता येईल अशा जागी ती बसलेली हवी. मागच्या सीटवर बसून मोबाइल बघणारा मामा या नियमात बसत नाही.

हे नुसते पोलिसांच्या भीतीने करायचे नाही. मोटार विम्याच्या पॉलिसीत चालकाचे कलम असते. शिकाऊ चालकाला संरक्षण मिळते ते नियम ३ पाळला असेल तरच. 'एल' नसताना बंपर ठोकला तर विमा कंपनी तिकडेच बोट दाखवते.

विम्याची मुदत पाहिली: ऑगस्टपर्यंत आहे.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल थोडे. खासगी गाडीसाठी शाळेने किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास शिकवावे, असे नियम सांगतो. '२१ दिवस' जाहिरातीत ठळक असतात, '१० तास' बारीक. रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास होतात, पण त्या अर्ध्या तासातून पेट्रोल पंप आणि आधीच्या विद्यार्थ्याला घरी सोडणे वजा करावे लागते. शाळेच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूला जादा क्लच आणि ब्रेक असतो. सुरुवातीला तो वरदान वाटतो. पुढे क्लच कोणाच्या पायाने सुटतोय हेच शिकाऊला कळेनासे होते. म्हणून पहिली चार सत्रे शाळेच्या गाडीवर घ्यायची आणि पुढची सगळी या गाडीवर.

२०२४ च्या मे महिन्यात 'आता आरटीओत ट्रायल नाही' अशी बातमी फिरली होती. ती सूट मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांपुरती आहे आणि तो नियम जुलै २०२१ पासूनचा आहे. त्या केंद्राचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्षाचे. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलला हे लागू नाही.

१८ जानेवारी, शनिवार. एकूण ३ तास १५ मिनिटे

शाळेची चार सत्रे संपली. आज आपल्या गाडीवर पहिला दिवस, रिकामे मैदान.

आधी बैठक. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची बोटभर कड दिसावी, त्याहून जास्त नाही.

मग पाऊण तास एकच काम: हाफ क्लच. सपाट जागा, पहिला गिअर, रेसला पाय नाही. क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपोआप सरकू लागेल, मग पुन्हा दाबून थांबवायची. असे ४० वेळा. पहिल्या दहांत सात वेळा गाडी बंद पडली, शेवटच्या दहांत एकदा. बंद पडण्याचे कारण ठरलेले: गाडी हलली की माणूस हुरळतो आणि उरलेला क्लच झटक्यात सोडतो. गाडीला वेग यायच्या आधीच प्लेट पूर्ण पकडते आणि चाकांचा सगळा भार इंजिनावर येतो. गाडी हलली की पाय तिथेच दोन सेकंद थांबवायचा, मग सोडायचा. या दोन सेकंदांवर पुढचे सगळे उभे आहे. स्टिअरिंग आठवड्याभरात कोणालाही येते.

या गाडीचा क्लच पेडलच्या साधारण मध्यावर पकडतो. प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. घासलेल्या क्लचचा बराच वर, जवळजवळ पाय उचलल्यावर. (हे इथे लिहून ठेवले आणि १८ फेब्रुवारीला विसरलो.)

जळका वास आला तर पाच मिनिटे गाडी बंद. हाफ क्लचवर जास्त रेस दिल्याचा तो वास असतो.

२६ जानेवारी, रविवार. एकूण ७ तास

रस्त्यावर. सकाळी सहा ते साडेसात, सुटीचा दिवस म्हणून निवडला. तिसऱ्यापर्यंत गिअर. गिअर बदलताना नजर दांड्याकडे जाते आणि नजर जाते तिकडे गाडी जाते. उपाय: उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, समोर पाहत ५० वेळा १-२-३-२-१. घरी बसल्या बसल्याही होते, पेट्रोल लागत नाही.

डावीकडे वळताना वळण फार घट्ट घेतले जाते आणि मागचे चाक फुटपाथला घासते. असे का होते ते १ फेब्रुवारीच्या नोंदीत.

१ फेब्रुवारी, शनिवार. एकूण १० तास ३० मिनिटे

मैदानात फक्कीने ट्रायलमधला ८ (आठच्या आकड्यासारखी वाट) आखला. खुंटी आणि दोरी. आतले वर्तुळ ५ मीटर त्रिज्येचे, बाहेरचे ८ मीटरचे, म्हणजे मार्गिका ३ मीटर. दोन केंद्रांतले अंतर १३ मीटर. सगळे मिळून २९ गुणिले १६ मीटर जागा लागते. ही मापे आमच्या सरावाची. ट्रॅकची मापे वेगळी असू शकतात, पण ३ मीटरमध्ये जमले की डोळा बसतो.

वॅगन आरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर, २४३५ मिलिमीटर. ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर मागचे आतले चाक पुढच्या आतल्या चाकापेक्षा अर्ध्या मीटरहून थोडे जास्त आत कापते. स्टिअरिंग फुल कट केले, म्हणजे शेवटपर्यंत फिरवले, तर जवळजवळ एक मीटर. फुटपाथ घासण्याचे मूळ हेच: चालक पुढच्या चाकाचा विचार करतो आणि मागचे चाक आपल्या वाटेने जाते. म्हणून ८ मध्ये गाडी बाहेरच्या रेषेला धरून न्यायची. पुढचा बाहेरचा कोपरा बाहेरच्या फक्कीवरून जातोय असे सीटवरून वाटले तरी तो आतच असतो. खाली उतरून मोजून दाखवले: ४० सेंटिमीटर आत होता. एकदा स्वतः उतरून पाहिल्याशिवाय हे कोणाला पटत नाही.

मधल्या चौफुलीवर स्टिअरिंग एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचे असते आणि तिथे गाडी पळत असेल तर हात पुरत नाहीत. पहिला गिअर, रेसला पाय नाही, वेग माणसाच्या चालीचा. पूर्ण ८ ला जवळजवळ एक मिनिट लागू द्यावे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

३० दिवस झाले. पक्क्याचा अर्ज केला. ट्रायलची फी वर्गाला ३०० रुपये, लायसनची २००. स्मार्ट कार्ड आणि टपालाचा आकार वेगळा, एकूण रक्कम पोर्टल स्वतःच काढते. स्लॉट १८ फेब्रुवारीचा मिळाला. पुण्याच्या चारचाकी ट्रायल भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होतात. तिथे कडेला सेन्सर आणि वर कॅमेरे आहेत. साहेब शेजारी बसून 'थोडं पुढे घ्या' म्हणतील ही आशा तिथे नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. एकूण १४ तास

आज ट्रायलमधला एच (H अक्षरासारखी वाट). रिव्हर्समध्ये एका मार्गिकेतून काटकोनात वळून दुसरीत शिरायचे. मार्गिका ३.५ मीटर, कोपऱ्यावर शंकू.

पंधरा प्रयत्नांत नऊ चुकले, आणि नऊच्या नऊ दोनच प्रकारे. आतल्या कडेपासून गाडी अर्धा मीटर लांब ठेवली आहे असे धरून हिशेब केला:

मागचे चाक कोपऱ्याच्या १ मीटर अलीकडे असताना फुल कट केले तर गाडी नीट वळते. या गाडीत तेव्हा मागचा बंपर कोपऱ्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो. दीड मीटरहून जास्त अलीकडे केले की आतले चाक शंकू पाडते. चाक कोपऱ्याशी येईपर्यंत थांबले की गाडी पलीकडच्या कडेवर जाते. म्हणजे चुकायला जागा अर्ध्या मीटरची आहे. ती पळत्या गाडीतून दिसत नाही, सरपटत्या गाडीतून दिसते. पुन्हा क्लचच.

सगळे मागे बघतात आणि पुढून फसतात. रिव्हर्समध्ये वळताना गाडीचे नाक बाहेर फेकले जाते, इथे जवळजवळ एक मीटर. म्हणून कट केल्यावर एक नजर विरुद्ध बाजूच्या पुढच्या कोपऱ्यावर. डावा आरसा थोडा खाली झुकवला म्हणजे मागचे चाक आणि फक्की दोन्ही दिसतात. सरळ झाल्यावर आरसा परत जागेवर. ट्रायल सुरू होताना आरसे लावणे हाही परीक्षेचा भाग आहे, नियम १५ मध्ये पहिलाच मुद्दा तो आहे.

स्टिअरिंग सरळ करायला उशीर होतो. गाडी सरळ होईपर्यंत थांबायचे नाही, थोडे आधीच ते फिरवायला लागायचे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. एकूण १६ तास

चढ. नियमातले शब्द नेमके आहेत: तीव्र चढावर थांबून, हँडब्रेक वापरून किंवा रेस आणि फूटब्रेक वापरून, अजिबात मागे न सरकता गाडी उचलायची. शिकाऊला हँडब्रेकचीच रीत शिकवली.

क्रम: थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर. रेस थोडी, इंजिनाचा आवाज एक पट्टी वर जाईल इतकीच. क्लच पकडीच्या जागेवर आणा. बॉनेट किंचित उठते, मागचा भाग बसतो, आवाज जड होतो. ही तिन्ही लक्षणे दिसली की मगच हँडब्रेक सोडा. चाकामागे विटेचा तुकडा ठेवून सराव केला. गाडी दोन बोटे सरकली तरी कळते. शेवटच्या वीसपैकी एकोणीस वेळा वीट हलली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. ट्रायल एक: नापास

सकाळी निघताना कागद तपासले: लर्निंग लायसन, स्लॉटची पावती, आरसी, विमा, पीयूसी. पीयूसीची मुदत १५ तारखेला संपलेली. ९ जानेवारीला विम्याची तारीख पाहिली आणि पीयूसीची पाहायची राहिली, चूक आमची. सेंटर उघडायला अवकाश होता, म्हणून शेजारच्या काकांची गाडी घेतली. जुनी, क्लच बराच वर पकडणारा.

८ निघाला. एच निघाला, फक्त जरा अडखळत. चढावर शिकाऊने सवयीप्रमाणे क्लच पेडलच्या मध्यापर्यंत सोडला आणि हँडब्रेक खाली केला. या गाडीचा क्लच तिथे अजून पकडलेलाच नव्हता. गाडी दीड-दोन फूट मागे आली, घाबरून क्लच सुटला, इंजिन बंद.

हाताची चूक नाही. पाय एका गाडीवर बसवला आणि दुसरीवर परीक्षा दिली. दुसरी गाडी घेणे भागच असेल तर ट्रॅकवर जायच्या आधी निदान दहा वेळा हाफ क्लच करून पकड कुठे आहे ते पाहायला हवे होते. आणि मुळात क्लचची जागा पाठ करायची नसते, बॉनेटची उठण आणि इंजिनाचा आवाज ओळखायचा असतो. १२ तारखेला शिकवले तेच, पण शिकाऊने सोपे ते धरले.

सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते, फी ३०० रुपये पुन्हा. तीनदा नापास झाले तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावे लागते.

२३ फेब्रुवारी, रविवार. एकूण १९ तास

तीन गाड्या मागवल्या: आपली, काकांची आणि एक डिझेल. प्रत्येकीवर चढ वीस वेळा, पायाकडे न बघता, फक्त आवाजावर. डिझेलमध्ये रेस जवळजवळ लागतच नाही. तिसऱ्या गाडीवर पाचव्या प्रयत्नापासून वीट हलली नाही.

पीयूसी काढली. पुढची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरात, विम्याच्या शेजारी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. ट्रायल दोन: पास

आपली गाडी. तासभर आधी पोहोचून बाहेरच्या रस्त्यावर क्लच दहा वेळा. बेल्ट, आरसे, हँडब्रेक, न्यूट्रल, मग चावी, हाच क्रम मोठ्याने म्हणत. ८, एच, चढ, तिन्ही एका दमात. चढावर हँडब्रेक सोडायला शिकाऊने नेहमीपेक्षा एक सेकंद जास्त घेतला. तो घ्यावाच.

कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले लायसन दाखवता येते. मात्र आज संध्याकाळी लगेच एकटीने गाडी काढायची नाही असे ठरले. नोंद ॲपमध्ये दिसल्यावरच 'एल' काढायचे.

१३ मार्च, गुरुवार

कार्ड टपालाने आले. पाकीट फोडल्या फोडल्या चार गोष्टी ताडल्या: नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, वर्ग, पत्ता. बरोबर आहेत.

मुदत: वय ३० च्या आत लायसन निघाले, म्हणून ४० वर्षे पूर्ण होईपर्यंत. ३० ते ५० मध्ये काढले असते तर दहा वर्षे. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते. संपून एक वर्षाहून जास्त झाले तर पुन्हा ट्रायल.

एलएमव्ही म्हणजे ७५०० किलोपर्यंतचे वाहन. या मर्यादेतली मालवाहू किंवा प्रवासी गाडीही याच लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केले आहे. शिकाऊच्या भावाचा छोटा टेम्पो आहे, त्याने विचारले म्हणून इथे लिहिले.

'एल'च्या दोन्ही पाट्या काढून खणात ठेवल्या. पुढचा शिकाऊ १ एप्रिलपासून. पीयूसीची तारीख आजच पाहिली आहे.